वर्गात चावणारं मूल: फोन करून घरी पाठवणं हा उपाय आहे का?

खडूफळा | मंगळवार, ६ जानेवारी, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. वाचक जुनी आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

तालुक्याच्या गावी बौद्धिक अक्षम मुलांच्या शाळेत मी विशेष शिक्षिका आहे. अकरा वर्षं झाली. माझ्या वर्गात नऊ मुलं, मी आणि एक मावशी. मावशी अर्धा वेळ दुसऱ्या वर्गातही.

त्यातला एक सोनू (नाव अर्थातच बदललंय). वय १०, स्वमग्नता (ऑटिझम) आणि बौद्धिक अक्षमता दोन्ही. बोलण्यात चार शब्द: पाणी, बाबा, गाडी, शू. दोन वर्षं माझ्याकडे आहे. लाघवी पोरगं, सतरंजीच्या कडेचे धागे मोजत बसणारं. पण दिवाळीच्या सुट्टीनंतर याचं काहीतरी बिनसलंय. आधी स्वतःचं मनगट चावायचा, तिथे आता घट्टा पडलाय. मग वस्तू फेकणं सुरू झालं. डिसेंबरात मला दोनदा चावला, एकदा चांगलं रक्त आलं, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन आले. गेल्या आठवड्यात त्याने फेकलेला स्टीलचा डबा दुसऱ्या मुलीच्या कपाळाला लागला. तिचे पालक साहजिकच चिडले. संस्थेने फर्मान काढलंय: सोनूने काही केलं की वडिलांना फोन करायचा, ते येऊन घेऊन जातील. वडील गॅरेजमध्ये कामाला आहेत, प्रत्येक फोनला त्यांचा अर्धा दिवस बुडतो.

काही कारण नसताना, छान बसलेला असताना, एकदम सुरू होतं. मी सगळं करून बघितलं. प्रेमाने, रागावून, दुर्लक्ष करून. कोणाला अनुभव आहे का? आणि हे घरी पाठवणं बरोबर आहे का?

---

रानजाई

ताई, आधी तुम्हाला एक घट्ट मिठी. माझा मुलगा आता १७ वर्षांचा आहे. ‘शाळेतून फोन’ हे दोन शब्द वाचले तरी अजून पोटात खड्डा पडतो. एका वर्षी इतके फोन आले की शाळेचा नंबर मी मोबाइलमध्ये ‘यमदूत’ म्हणून सेव्ह केला होता.

सविस्तर उद्या लिहिते. एकच सांगते, ‘काही कारण नसताना’ असं नसतं. आपल्याला दिसत नाही, एवढंच.

---

निवांत_नाना

मी निवृत्त मुख्याध्यापक. ३४ वर्षं नोकरी. राग मानू नका, पण हल्ली मुलांना धाकच उरलेला नाही. आमच्या वेळी छडी नुसती टेबलावर ठेवली तरी वर्ग चिडीचूप. एकदा खणखणीत बसली की पुन्हा चावायची हिंमत होणार नाही.

---

पायाला_भिंगरी

नाना, वयाचा मान ठेवून सांगतो, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ वाचा. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हीला बंदी. आणि कायदा जाऊ द्या. ज्या मुलाला दुखलं की चावायचं एवढंच कळतं, त्याला आपण आणखी दुखवून काय शिकवणार?

मी समग्र शिक्षातला फिरता विशेष शिक्षक. सहा केंद्रं, एक मोटरसायकल. साध्या शाळांत जातो तेव्हा नानांचं हे वाक्य मला आठवड्यातून एकदा ऐकायला मिळतं, म्हणून पाठ आहे.

---

फुकटफौजदार

नाना, आमच्या वेळी छडी टेबलावर असायची हे खरं. पण चिडीचूप बसलेल्या त्याच वर्गाने मास्तरांच्या सायकलची हवा दर शनिवारी सोडली, हेही खरं. (दिवे घ्या, म्हणजे हलकंच घ्या.)

---

ओटीवाली

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे मुलांना रोजचे व्यवहार जमावेत म्हणून उपचार करणारी. सगळे ओटी म्हणतात. सासर कोकणातलं, घराला मोठी ओटी आहे, त्यामुळे नावावर आधीच पुरेसे विनोद होऊन गेलेत.

खडूफळाताई, ‘सगळं करून बघितलं’ यातच मेख आहे. आज प्रेम, उद्या राग, परवा दुर्लक्ष. सोनूला यातून काहीच अंदाज बांधता येत नसणार. ‘का चावतो’ हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. ‘केव्हा चावतो’ ते लिहा.

दोनशे पानी वही घ्या, आडवी धरून तीन रकाने आखा. पहिल्यात, त्याच्या आधी काय चाललं होतं: कोणता तास, कोण जवळ होतं, काय सांगितलं होतं, किती वाजले होते. मधल्यात, त्याने नेमकं काय केलं. तिथे ‘आक्रमक झाला’ लिहायचं नाही, ‘डाव्या मनगटाला चावला, तीन वेळा’ असं लिहायचं. तिसऱ्यात, लगेच नंतर काय झालं आणि त्याला काय मिळालं. दहा दिवस नुसतं लिहा, अनुमान काढू नका.

साधारण चार गोष्टींसाठी मुलं असं करतात. कोणीतरी लक्ष द्यावं म्हणून, हवी ती वस्तू मिळावी म्हणून, नको त्या गोष्टीतून सुटका व्हावी म्हणून, किंवा त्या कृतीतून शरीरालाच काहीतरी मिळतं म्हणून. दिसायला चावणं एकच, पण चौघांचे उपाय वेगळे, कधी कधी तर उलटे. लक्ष हवं म्हणून चावणाऱ्याकडे दुर्लक्ष केलं तर उपयोग होईलही, पण सुटका हवी म्हणून चावणाऱ्याकडे केलेलं दुर्लक्ष म्हणजे त्याला मागितलेलंच देणं.

आणि हो, फोन. गॅरेजवाले बाबा येतात ते मोटरसायकलवरून ना? त्याचा एक शब्द ‘बाबा’, दुसरा ‘गाडी’. हिशेब तुम्हीच करा.

---

खडूफळा

ओटीवाली, शेवटची ओळ वाचून दोन मिनिटं फोन खाली ठेवला. मोटरसायकलच. पुढे टाकीवर बसवून नेतात. फाटकातून जाताना तो हसत असतो.

वही उद्या आणते.

---

डॉ_गोळीबंद

बालरोगतज्ज्ञ. वहीच्या आधी, किंवा निदान वहीसोबत, एकदा डॉक्टरकडे तपासणी करून घ्या. बोलता न येणाऱ्या मुलाचं वागणं अचानक बदललं की माझी यादी ठरलेली असते: दात, कान, घसा, बद्धकोष्ठता, झोप. किडलेल्या दाढेसाठी वर्षभर ‘वर्तन समस्या’ म्हणून फिरवलेलं मूल मी पाहिलंय. मोठ्या मुलींमध्ये पाळीचे दिवसही बघावेत.

फिट्सची गोळी नवी लागली किंवा बदलली आहे का? लेव्हेटिरासिटामवर काही मुलं फार चिडचिडी होतात. तशी शंका आली तर गोळी आपल्या मनाने बंद करू नका. तिथे थेट फिटच येऊ शकते. ज्यांनी लिहून दिली त्यांना विचारा.

‘शांत करायचं औषध द्या’ म्हणून शाळाच पालकांना पाठवते, असंही होतं. रिस्पेरिडोन काही मुलांना खरंच उपयोगी पडतं, पण भूक आणि वजन वाढतं, आणि दाढेची कीड त्याने जात नाही.

---

मधली_सुट्टी

मी दुसऱ्या बाजूची आई. दुसऱ्या गावची, दुसऱ्या शाळेची, पण माझ्या मुलीलाही वर्गातल्या मुलाने ढकललं होतं. डाउन सिंड्रोम आहे तिला. हनुवटीला चार टाके. नंतर दोन महिने ती शाळेच्या रिक्षात पाय ठेवायला तयार नव्हती.

इथे सगळे सोनूबद्दल लिहिताहेत, लिहा. पण ज्या मुलीच्या कपाळाला डबा लागला तिच्याबद्दल कोणीच चकार शब्द काढलेला नाही. तिलाही धड बोलता येत नसेल. मीही विशेष मुलाचीच आई आहे, म्हणून मला ‘समजून घ्या’ हे जास्तच सांगितलं जातं.

---

खडूफळा

ताई, अगदी बरोबर. तिच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं, मीच बर्फ लावला. आता तिची जागा माझ्या खुर्चीजवळ केलीय, आणि सोनूच्या हाताच्या टप्प्यात स्टील, काच, कात्री काही ठेवत नाही. डबे बाहेरच्या कट्ट्यावर. हे खरं तर पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

तिच्या आईला मी फोन केला नव्हता. घाबरले होते, खरं सांगते. उद्या घरी जाऊन येते.

---

बुलेटवरचा_बाप

नागपूरकडून. माझा पोरगा १२ चा आहे, तो बी चावत होता. तुम्हाले एक कामाची गोष्ट सांगतो, कोणी पुस्तकात लिहीत नाही. दात रुतले की हात मागं ओढू नका. ओढला की चामडी फाटते. उलट हात जरासा त्याच्या तोंडाकडंच दाबा, अन् दुसऱ्या माणसाले हळूच बोलवा. जबडा आपोआप सैल पडते. ओरडायचं नाही. मी पहिल्यांदा ओरडलो तं त्याले मजाच आली. बाप आहे की भोंगा, असं झालं त्याले.

फुल बाहीचा जाड शर्ट घाला. नागपूरच्या उन्हाळ्यात मी जीन्सचं जॅकेट घालून पोराले जेवू घातलं आहे बाप्पा.

---

फुकटफौजदार

‘बाप आहे की भोंगा’ :हसून हसून पुरेवाट:

---

रानजाई

काल म्हटलं होतं, तर लिहिते.

आमचा किस्सा प्रेशर कुकरचा. मुलगा सहा-सात वर्षांचा असताना रोज संध्याकाळी सातच्या सुमाराला भिंतीवर डोकं आपटायचा. रोज. सासूबाई म्हणायच्या तिन्हीसांजेचं काहीतरी आहे, दृष्ट काढायच्या. मी म्हणायचे थकला असेल. नवरा म्हणायचा टीव्ही बंद करा. चौथ्या महिन्यात मी आजारी पडले, स्वयंपाक बंद, आठवडाभर डबा बाहेरून. सात वाजले, सव्वासात झाले, पोरगं आपलं गाड्या लावत बसलेलं. मला कळेना की मी बरी झाले की हा.

आठव्या दिवशी कुकर लावला. शिट्टीच्या आधी कुकर जो सुंऽ आवाज करतो ना, त्यावरच तो उठून भिंतीकडे गेला. शिट्टी व्हायची बाकी होती.

मग वरण-भात सकाळी तो शाळेत असताना. संध्याकाळी पातेल्यात. गॅस जास्त जायचा, जाऊ दे.

---

एडिसनकर

न्यू जर्सीहून. इथे मुलाची वैयक्तिक शिक्षण योजना कायद्यानेच लिहावी लागते. अपंगत्व असलेल्या मुलाला वागण्यावरून शाळेतल्या दहापेक्षा जास्त दिवस बाहेर ठेवायचं असेल, तर ते वागणं त्याच्या अपंगत्वातूनच आलंय का हे बैठक घेऊन तपासावं लागतं. आलं असेल, तर वागण्याचा अभ्यास करून आधाराची योजना करायची. ‘आज लवकर घेऊन जा’ असे गोड फोन करून शाळा यातून पळवाट काढतात, म्हणून २०२२ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने स्पष्ट केलं की असं घरी पाठवणंही बाहेर काढण्यातच मोजलं जाऊ शकतं.

स्वर्ग नाहीये हो. मुलांना दाबून धरणं, खोलीत एकटं ठेवणं हे प्रकार इथेही होतात. माझ्या मुलाच्या बाबतीत एकदा झालं. कागद मात्र हातात असतो, भांडायला.

---

पायाला_भिंगरी

भांडायला आपल्याकडेही कागद आहे, पण वाचतो कोण. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३१: लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क, जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत. ‘चावला नाही त्या दिवसापुरतं’ असं त्यात लिहिलेलं नाही.

खडूफळाताई, वहीसोबत आणखी एक काम करा. घरी पाठवल्याच्या नोंदी असतील ना? किती वेळा आणि कुठल्या तारखांना, ते काढा. संस्थेपुढे बोलताना आकडा लागतो. शिवाय तुमच्या शाळेत सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेची बेसिक-एमआर मोजपट्टी असेलच. भाग ब मध्ये समस्या वर्तनाच्या ७५ बाबी आहेत, प्रत्येकीला ०, १ किंवा २ गुण. आज एकदा भरून ठेवा, तीन महिन्यांनी पुन्हा भरा. नाहीतर सुधारणा झाली तरी ‘काही फरक नाही’ असंच सगळे म्हणतील.

---

निवांत_नाना

छडीचं मागे घेतो. सून बालवाडीत शिकवते, तिने हा धागा वाचला आणि जेवताना वाढणं थांबवलं.

पण शंका राहतेच. आपणच प्रत्येक वेळी जुळवून घेत गेलो, तर उद्या जग जुळवून घेणार आहे का?

---

शांतगल्ली

नाना, उत्तर मी देतो. मी स्वमग्न आहे. वय ३६, पुण्यात राहतो, संगणकावर काम करतो. निदान २९ व्या वर्षी झालं, तोवर ‘तिरसट’ ही पदवी होती.

जग जुळवून घेत नाही, खरंय. म्हणून मी दिवसभर जुळवून घेतो. ऑफिसातली ट्यूबलाइट, एसीची गुणगुण, शेजारच्याचं पेन टिकटिकणं. तुमच्या कानांना हे आवाज गाळता येतात, माझ्या कानांवर सगळे एकाच जोराने येतात. संध्याकाळी घरी आल्यावर अंधाऱ्या खोलीत बसतो. मला बोलता येतं, पैसे मिळवता येतात, उठून बाहेर जाता येतं. सोनूला यातलं काही येत नाही. त्याला मनगट चावता येतं. मीही चावायचो. तेवढा वेळ बाकी सगळं थांबतं, कारण दुखणं एकाच ठिकाणी येतं.

एक विनंती. चावणं ‘बंद’ करण्याच्या मागे लागू नका. ते बंद होईल आणि ज्यामुळे चावतो ते तसंच राहील, असंही होऊ शकतं. बाहेरून मग सगळं छान दिसतं.

---

रानजाई

शांतगल्ली, हे वाचून मी मुलाच्या खोलीत जाऊन पंखा बंद करून आले. त्याने लगेच परत लावला. :हाहा: म्हणजे पंखा चालतो.

---

अबोलकी

वाचतेय. वाचनखूण साठवली आहे.

(अवांतर: आमच्या गावच्या शाळेच्या पाटीवर अजून ‘मतिमंद मुलांची शाळा’ आहे. नाव बदला म्हटलं तर संस्थाचालक म्हणाले पाटी रंगवायला पैसे नाहीत. हे गेल्या गणपतीत, मंडळाच्या शेजारी उभं राहून.)

---

खडूफळा | सोमवार, १९ जानेवारी, रात्री ९.१५

वही आली मंडळी. डॉक्टरही झाले. दात, कान ठीक. पोट थोडं कडक, त्याचं औषध दिलंय. फिट्स नाहीत, गोळी नाही.

८ तारखेपासून आजपर्यंत शाळेचे दहा दिवस. नोंदी १७. त्यातल्या १२ नोंदी साडेअकरा ते साडेबारामध्ये! हे मला अकरा वर्षांच्या अनुभवाने सांगता आलं नव्हतं, वीस रुपयांच्या वहीने सांगितलं. त्या वेळात आमचा मणी ओवण्याचा आणि नंतर चित्र जुळवण्याचा तास असतो. सोनूला मणी आवडतात, दोन वर्षं ओवतोय. म्हणून सुटका हवी म्हणावं तर पटत नाही. तरी चार दिवस मणी बदलून माती दिली. फरक शून्य.

बाकीच्या पाचातल्या चार नोंदी रिक्षा यायच्या वेळच्या, त्या कळतात, तेव्हा गडबडच असते. उरलेली एक शनिवारची. शनिवारी आमची सकाळची शाळा, दोन शनिवार मिळून तेवढी एकच.

गंमत म्हणजे दोन्ही गुरुवारी एकही नोंद नाही. भिंगरीदादांच्या सांगण्यावरून घरी पाठवल्याच्या तारखा काढल्या. नोव्हेंबरपासून ११ वेळा, आणि गुरुवार त्यात एकही नाही. मला तर भुताटकी वाटायला लागलीय.

---

फुकटफौजदार

गुरुवारी चावत नाही? अहो उपास असेल पोराचा.

---

निवांत_नाना

दत्तगुरूंची कृपा.

---

ओटीवाली

:हाहा: आता गंभीरपणे. गुरुवारी कोण नसतं? मावशीची सुट्टी? एखादे सर फक्त गुरुवारी येतात? खिचडी वेगळी? सव्वीस जानेवारीच्या लेझमीचा सराव कधी असतो?

---

खडूफळा

मावशी रोज असते. खाऊ सोमवार-गुरुवार एकच, मटकीची उसळ. लेझीम दुपारी तीनला आणि सोनूला लेझीम आवडते. मोठ्याने वाजली तरी काही नाही. म्हणून आवाजाचं मी मनातून काढूनच टाकलं होतं. वर्गात पंखा एक, तोही थंडीत बंद.

---

शांतगल्ली

गुरुवारी वीज जाते का?

---

खडूफळा

हो. दुरुस्तीसाठी सकाळी दहा ते दुपारी दोन-तीनपर्यंत बंद असते. पण सांगितलं ना, वर्गात विजेवर चालणारं काहीच नाही.

---

शांतगल्ली

तुमच्या वर्गात नसेल. भिंतीच्या पलीकडे काय आहे?

लेझीम त्याला दिसते. कधी सुरू होणार, कोण वाजवतंय, कधी संपणार हे कळतं. मोठा आवाज आणि न कळणारा आवाज यांत फरक असतो.

---

खडूफळा | मंगळवार, २० जानेवारी, रात्री ८.०५

द्रोणाचं यंत्र.

पलीकडे पूर्वव्यावसायिक गटाची खोली आहे. तिथली मोठी मुलं मेणबत्त्या, पिशव्या करायची. दिवाळीत एका देणगीदाराने कागदी द्रोण करायचं यंत्र दिलं. नोव्हेंबरात बसवलं, नेमकं आमच्या सामाईक भिंतीला टेकवून. रोज साडेअकरा ते साडेबारा. शनिवारी बंद. गुरुवारी वीज नाही म्हणून बंद.

आज साडेअकराला मी मण्यांची टोपली मावशीकडे दिली आणि सोनूच्या जागेवर, सतरंजीवर, त्या भिंतीला पाठ लावून बसले. धप्प. मग काही नाही. मग धप्प. कधी चार सेकंदांनी, कधी दहा. मुलगा कागद लावेल तसं. आवाज कानाला असा काहीच नाही, म्हणून तर मला अडीच महिने ऐकू आला नाही. पण पाठीला बसतो. मणक्यातून वर येतो. सात-आठ मिनिटांत मी पुढच्या धपची वाट बघत श्वास धरून बसलेय हे माझ्याच लक्षात आलं. सोनूची जागा मीच ठरवलेली होती, भिंतीला टेकून बसला की कमी उठतो म्हणून.

सध्या इतकंच.

---

रानजाई

…काटा आला अंगावर.

---

बुलेटवरचा_बाप

शांतगल्ली भाऊ, नागपूरले या. संत्री तुमच्याकडून नाही, आमच्याकडून.

---

मधली_सुट्टी

माझ्या मुलीला ढकलणाऱ्या मुलाची वही कोणी लिहिली असेल का, असा विचार आला. बाकी काही नाही.

---

ओटीवाली

शाब्बास शांतगल्ली. आणि खडूफळाताई, भिंतीला पाठ लावून बसणं कुठल्याच अभ्यासक्रमात नाही, ते तुमचं.

पण यंत्र बंद झालं की सगळं मिटलं असं समजू नका, दोन गोष्टी उरतात.

एक. अडीच महिन्यांत सोनू एक धडा शिकलाय: चावलं की बाबा येतात, गाडी मिळते. आता फोन बंद केलात तर पहिले काही दिवस चावणं वाढेल. लिफ्ट आली नाही की आपण बटण जास्त जोरात, पाच-सहा वेळा दाबतो ना, तसं. तेव्हा घाबरून एकदा जरी फोन केलात तर ‘जास्त जोरात चावायचं’ हा नवा धडा. म्हणून गाडी काढून घेऊ नका, तिची जागा बदला. बाबा शाळा सुटताना येऊ शकतील का, आठवड्यातून दोनदा तरी? चावला असो वा नसो, ठरल्या वारी गाडी.

दुसरं जास्त महत्त्वाचं. त्याचे चार शब्द पुन्हा वाचा. पाणी, बाबा, गाडी, शू. यात ‘नको’ नाही. नकाराला त्याच्याकडे दातच आहेत. १९८५ मध्ये कार आणि ड्युरंड या दोन संशोधकांनी हेच दाखवून दिलं होतं. ज्या कारणासाठी मूल त्रासदायक वागतं, तेच मागायचा सोपा मार्ग शिकवला की वागणं कमी होतं. एक कार्ड करा, आडव्या हाताचं चित्र, ‘नको’. तो शांत असतानाच शिकवा. कार्ड दिलं की लगेच, त्या क्षणी, दोन मिनिटं वऱ्हांड्यात. सुरुवातीला वीस वेळा दिलं तरी वीस वेळा. मोबाइल असेल तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं, चित्रं दाबून बोलायचं जेलो ॲप फुकट आहे, मराठीतही चालतं. पण कार्डापासून सुरुवात करा, कार्डाची बॅटरी संपत नाही.

---

निवांत_नाना

वीस वेळा वऱ्हांड्यात? मग शिकवायचं केव्हा? (खरंच विचारतोय, सुनेच्या भीतीने नाही.)

---

ओटीवाली

नाना, रास्त प्रश्न. पहिले आठ दिवस तेच शिकवणं असतं. ‘नको’ ऐकलं जातं याची खात्री पटली की मग ‘आधी दोन मणी, मग नको’ असं हळूहळू लांबवता येतं. सध्या तरी तो बाराला घरीच जातोय ना, तेव्हा कुठे शिकतोय?

---

एडिसनकर

आमच्याकडे हेच सांगायला चार माणसांची बैठक आणि अकरा पानांचा अहवाल लागला होता.

---

खडूफळा | शुक्रवार, ६ फेब्रुवारी

उशीर झाला, क्षमस्व. सगळं गोड गोड झालेलं नाही.

पूर्वव्यावसायिक गटाच्या मॅडम नाराज आहेत, आणि त्यांचं चूक नाही. त्यांच्या मोठ्या मुलांना द्रोणांचे पैसे मिळतात, आयुष्यात पहिल्यांदा. लग्नसराईची ऑर्डर आहे. ‘तुमच्या एकासाठी माझी सात मुलं थांबवू?’ म्हणाल्या. मुख्याध्यापिकांनी यंत्र मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवायचं मान्य केलंय, पण तिथे वायरिंग नाही, त्याचं अंदाजपत्रक आलंय आणि टेबलावर पडून आहे. तोवर त्या तासाला मी माझी सगळी फौज मैदानाकडच्या वऱ्हांड्यात नेते. सोनूची जागा भिंतीपासून हलवली. कारखान्यात घालतात तसले कान झाकायचे मफ हार्डवेअरच्या दुकानातून आणले. तीन दिवस त्याने ते बादलीत बुडवले. चौथ्या दिवसापासून गळ्यात घालून फिरतो, कानावर नाही. असू देत.

फोन पूर्ण बंद. पहिला आठवडा ओटीवाली म्हणाली तसाच, भयंकर. एका दिवसात सहा नोंदी. मावशी म्हणाली, बाई तुमची ती इंटरनेटवरची माणसं येऊन सांभाळणार का. दुसऱ्या आठवड्यात चार. या आठवड्यात दोन, दोन्ही रिक्षाच्या वेळच्या. बाबा मंगळवारी आणि शुक्रवारी सुटताना येतात. गॅरेजच्या मालकाला सांगितलंय म्हणाले.

ज्या मुलीला डबा लागला तिची आई आता रोज पाच मिनिटं वर्गाच्या दारात थांबते. बोलत नाही फारसं. बघते.

आणि ‘नको’चं कार्ड. बारा दिवसांत त्याने ते मला दोनदा दिलं, एकदा मावशीला दिलं आणि एकदा खाल्लं. आता लॅमिनेट केलंय. काल गुरुवार, पण वीज गेली नाही, आणि आम्ही गाफील वर्गातच. साडेअकराला पहिला धप्प आला. सोनू उठला, दाराबाहेर गेला. मला वाटलं वऱ्हांड्यात चाललाय. मागे गेले तर हा पलीकडच्या वर्गात, मॅडमच्या समोरून सरळ चालत भिंतीपाशी गेला, यंत्राचं बटण खट्टकन बंद केलं, आणि कार्ड यंत्रावर ठेवून परत येऊन मणी ओवायला बसला.

मॅडमनी लेखी तक्रार दिलीय. वहीत मी कुठल्या रकान्यात लिहू ते सांगा.

---

शांतगल्ली

मधल्या. ‘बटण बंद केलं, एक वेळा.’

---

पायाला_भिंगरी

वायरिंगच्या अंदाजपत्रकाला ती तक्रारच जोडा ताई. लेखी आहे ना? आयतं कारण मिळालं.

---

बुलेटवरचा_बाप

पोरगं इंजिनिअर होते की नाही पाहा.

---

मधली_सुट्टी

द्रोण विकत मिळतील का? मार्चमध्ये घरी वास्तुशांत आहे, पाचशे तरी लागतील. यंत्र शेडमध्ये गेल्यावर करा म्हणावं, घाई नाही.